स्टिअरिंग का थरथरतं?

मागच्या वेळी आपण स्टेपनी बदलण्याबद्दल बोललो होतो. त्यानंतर भेटलेल्या तिघीचौघींनी आम्हाला एकच गोष्ट विचारली. “गाडी साठच्या पुढं गेली की स्टिअरिंग हातात नाचायला लागतं, ते कशानं?” आज त्याच प्रश्नावर बोलू या.

आम्हाला नव्यानं ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. आम्ही बचत गटातल्या सहा जणी. कडक भाकरी आणि शेंगाचटणी करतो आणि वैराग, बार्शी, सोलापूर अशी दुकानं आणि बाजार करतो. त्यासाठी गटानं एक जुनी ओम्नी घेतलेली आहे. ही गाडी १९८४ मध्ये मारुती व्हॅन म्हणून आली, पुढं तिला ओम्नी म्हणायला लागले, आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे आज रस्त्यावर दिसते ती प्रत्येक ओम्नी वापरलेली, खड्डे खाल्लेली. आमच्यातल्या तिघींकडं लायसन्स आहे, तिघी शेजारी बसतात. आज जे सांगणार आहोत त्यात शेजारी बसणारीचं काम जास्त आहे. तेव्हा “मला कुठं गाडी येते” म्हणून रेडिओ बंद करू नका.

आधी शब्द नीट धरू या, कारण गॅरेजमध्ये निम्मा घोटाळा शब्दांचाच होतो. आपण जाऊन म्हणतो, “स्टिअरिंगमध्ये काहीतरी गडबड आहे.” मग मिस्त्री त्याच्या मनानं ठरवतो. खरं तर तीन वेगवेगळ्या तक्रारी असतात. गाडी सरळ धरली तरी एका बाजूला ओढते, ही एक. स्टिअरिंग थरथरतं, ही दुसरी. आणि स्टिअरिंग थोडं फिरवलं तरी चाकाला काही कळतच नाही, मधेच पोकळ फिरतं, ही तिसरी. हिला गॅरेजवाले ‘प्ले’ म्हणतात, आपण ढिल म्हणू. ओढण्याबद्दल आज बोलत नाही. आजचा विषय थरथर आणि ढिल. या दोघी एकाच गाडीत एकाच वेळी असू शकतात, पण त्यांची कारणं बहुतेक वेळा वेगळी असतात. एक बरी झाली म्हणून दुसरी बरी झाली असं समजायचं नाही. हे का सांगतोय ते पुढं येईलच.

गेल्या पावसाळ्यात आमच्या व्हॅनला थरथर सुरू झाली. पन्नासपर्यंत काही नाही, साठला सुरू, सत्तरला हात झिणझिणायचे, आणि त्याच्या वर गेलं की पुन्हा कमी. तीन ठिकाणी विचारलं तर तीन उत्तरं मिळाली. एकानं सांगितलं पुढचे दोन्ही टायर बदला. दुसरा म्हणाला स्टिअरिंगची रॅकच गेली, पूर्ण बदलावी लागेल. तिसऱ्यानं गाडीकडं पाहिलंसुद्धा नाही. “ताई, आता विकून टाका,” एवढंच म्हणाला. तिघांपैकी एकानंही चाकाला हात लावला नव्हता. गटाच्या पैशाचा हिशेब दर महिन्याला सगळ्यांपुढं ठेवावा लागतो. शिवाय रात्रीबेरात्री वाडीवरची बाळंतीण ग्रामीण रुग्णालयात न्यायची तर हीच व्हॅन असते. त्यामुळं अंदाजावर टायर घेणंही परवडणारं नव्हतं आणि तशीच चालवणंही. म्हणून ठरवलं, आधी आपण बघायचं.

थरथर ठरावीक वेगालाच का येते, हे आधी समजून घेऊ. ओम्नीचं चाक लहान, बारा इंची. ताशी साठच्या वेगाला ते एका सेकंदात साधारण १० फेऱ्या मारतं. आता समजा रिमच्या आतल्या बाजूला, लिंबाएवढा, पन्नास ग्रॅमचा चिखलाचा गोळा वाळून चिकटलाय. त्या वेगाला तो गोळा चाकाला सुमारे ३ किलोच्या जोरानं बाहेर ओढतो, तेही सेकंदाला दहा वेळा, कधी वर, कधी पुढं, कधी खाली. झोक्याला योग्य वेळी टेकू दिला की छोट्या टेकूनंही झोका उंच जातो, आणि भलत्या वेळी दिला की जात नाही. गाडीच्या पुढच्या भागाचाही असा एक ठरलेला झोका असतो. चाकाच्या फेऱ्या त्याच्याशी जुळल्या की स्टिअरिंग नाचतं, पुढं गेल्या की शांत होतं. म्हणून “साठला येते, नव्वदला जाते” असं कुणी म्हणालं की पहिला संशय फिरणाऱ्या वस्तूवर घ्यायचा, म्हणजे टायर, रिम आणि बॅलन्सिंगवर.

आणि चिखलाचं उदाहरण आम्ही उगाच दिलेलं नाही. आपली काळी माती किती चिवट असते हे आपल्याला सांगायला नको. खुरपणीहून येताना चपलेखाली दुसरी चपल तयार होते, तसंच चाकाच्या आत होतं. बाहेरून गाडी धुतलेली असते, रिमची आतली बाजू कुणी बघत नाही. आम्ही चाकं काढली तर पुढच्या डाव्या चाकात तळहाताएवढा वाळलेला थर निघाला. काडीनं खरवडला, पाण्यानं धुतला, चाकं बसवली. थरथर ऐंशी टक्के तरी गेली. टायरचा खर्च वाचला!

चाक हातात आहे तोवर आणखी थोडं बघून घ्या. टायरच्या कडेला कुठं टेंगूळ आलंय का, म्हणजे आतले धागे तुटून फुगा आलाय का? तसा टायर बॅलन्स करण्यात अर्थ नाही, तो पुढं काय मागंही लावू नका, काढूनच टाका. तळहात टायरवरून आडवा फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट्या दिशेला करवतीसारखं लागलं तर अलाइनमेंट बिघडलेलं आहे. जागोजागी खळगे लागले तर शॉकअब्सॉर्बर थकलेला असण्याची शक्यता जास्त. रिमच्या कडेला बॅलन्सिंगचे छोटे तुकडे चिकटवलेले किंवा ठोकलेले असतात. एखाद्या ठिकाणी तुकड्याच्या आकाराचा स्वच्छ डाग दिसला तर तिथला तुकडा पडलाय असं समजा.

रिम वाकली आहे का हे बघायला मशीन लागत नाही. ओम्नीचं इंजिन मागची चाकं फिरवतं, त्यामुळं पुढचं चाक जॅकवर उचललं की हातानं मोकळं फिरतं. शेजारी दोन विटा ठेवा, वर खराट्याची एक काडी अशी ठेवा की तिचं टोक रिमच्या कडेला लागता लागता राहील. मग चाक हळू फिरवा. फट सारखी राहिली तर ठीक. फट एकदा मिटते, एकदा उघडते आणि ज्वारीच्या दाण्याएवढा फरक पडतो, तर रिम वाकलीच म्हणा. फिरवताना कान पण द्या. जात्यासारखी घरघर आली तर बेअरिंग बोलतंय.

तरीही खात्री होत नसेल तर एक बिनखर्चाचा उपाय आहे. पुढची दोन्ही चाकं मागं आणि मागची पुढं लावायची. ओम्नीत चारही चाकं सारखीच असतात. मग त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला गाडी न्यायची. थरथर हातातून निघून बसायच्या सीटखाली आली, तर दोष चाकाबरोबर मागं गेला. म्हणजे पैसे बॅलन्सिंगवर किंवा टायरवर खर्च करायला हरकत नाही. चाकं बदलूनही स्टिअरिंग तसंच नाचत असेल, तर मात्र नवे टायर घेऊन काही होणार नाही. चाकं बसवताना नट गोलाकार आवळत जाऊ नका, समोरासमोरचे आवळा, म्हणजे चाक एका बाजूला कलून बसत नाही. आणि पन्नासेक किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा पाना लावा. सैल नट हेही थरथरीचं कारण असतं, आणि ते सगळ्यांत धोक्याचं.

ज्यांची थरथर फक्त ब्रेक मारल्यावर येते त्यांनी चाकांचा नाद सोडा. पुढच्या ब्रेकची डिस्क असमान झिजलेली असते, किंवा पुढं ड्रम असतील तर ड्रम. लेथवर घासून घेता येतं, पण बहुतेक डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. त्याच्या खाली गेली असेल तर घासून घेऊ नका, बदला.

आता ढिल. मैत्रिणींनो, चिखल काढल्यावर आमचं स्टिअरिंग शांत झालं तेव्हा आमच्यातल्या दोघी म्हणाल्या, झालं काम, चला आता. पण चाकं उचललेलीच होती, म्हणून पुढची तपासणीही करून घेतली, आणि जे खरं काळजीचं होतं ते तिथं सापडलं. थरथर निदान हाताला झिणझिण्या आणून सांगते तरी. ढिल हळूहळू वाढते, आपला हात तिला सरावतो. रोज चालवणारीला ती कळतच नाही. आठ दिवस माहेरी राहून आलेली बसली की म्हणते, “अगं, हे असं काय लागतंय?”

म्हणून हाताच्या भरवशावर राहू नका, मोजा. गाडी सपाट जागेवर, चाकं सरळ, चारही जमिनीवर. स्टिअरिंगच्या वरच्या मध्याला एक दोरा बांधा. दोन बोटांनी स्टिअरिंग हळू डावीकडं न्या. बाहेर बसलेली मैत्रीण टायरवर नजर ठेवून असेल. टायर हलायला लागला की तिनं “हं” म्हणायचं. मग उजवीकडं, पुन्हा “हं”. या दोन “हं”च्या मध्ये दोरा किती सरकला ते मोजपट्टीनं मोजा. आपल्या छोट्या गाड्यांत, जिथं रॅकचं स्टिअरिंग असतं, तिथं हे अंतर ३० मिलिमीटरच्या आत हवं, म्हणजे दोन बोटांच्या रुंदीच्या आत. आमचं बावन्न निघालं.

ढिल आहे हे कळलं, आता ती कुठं आहे? स्टिअरिंगपासून चाकापर्यंत पाच-सहा सांधे असतात, आणि ढिल त्यातल्या एकातच असू शकते. इथं सगळ्या गॅरेजांमध्ये सोपा मार्ग असतो, सगळंच बदलून टाका. पण शोधणं अवघड नाही. गाडी जमिनीवरच, इंजिन बंद. एकीनं आत बसून स्टिअरिंग डावं-उजवं, डावं-उजवं, छोटं छोटं हलवत राहायचं. दुसरीनं पुढच्या चाकाच्या मागून बॅटरी मारून बघायचं. चाकाकडं जाणारा जो दांडा असतो तो टायरॉड. त्याचं टोक जिथं चाकाच्या लोखंडाला जोडलेलं असतं तो टायरॉड एंड. तिथं एक गोळी असते, वाटीत बसलेली, ग्रीसमध्ये, आणि वरून रबरी टोपी. त्या सांध्यावर बोट ठेवा, पण बोट दोन लोखंडांच्या फटीत जाऊ देऊ नका. चांगला सांधा असेल तर दांडा आणि चाक एकदमच हलतात. गेलेला असेल तर दांडा आधी हलतो, मग बोटाला ‘टक’ लागतं, मग चाक हलतं. ते ‘टक’ एकदा लागलं की पुन्हा विसरायला होत नाही. रबरी टोपी फाटलेली असेल तर आज ढिल नसली तरी वर्षाच्या आत येणार, कारण ग्रीस बाहेर गेलं आणि माती आत गेली.

मग हेच चाक उचलून बघायचं. आधी सुरक्षितपणा. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड, हॅण्डब्रेक ओढलेला, आणि उचललेल्या बाजूला गाडीच्या कडेखाली स्टेपनी आडवी सरकवलेली. जॅक घसरला तरी गाडी स्टेपनीवर टेकते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं किंवा हात घालायचा नाही, मिस्त्री घालत असला तरी आपण नाही. पदर, ओढणी खोचून घ्या, बांगड्या काढून ठेवा.

चाकाला घड्याळ समजा. हात नऊ आणि तीनवर ठेवून आतबाहेर हलवा. ढिल लागली तर टायरॉड एंडकडं किंवा रॅककडं बघायचं. मग हात बारा आणि सहावर. इथं ढिल लागली तर बेअरिंग तरी, नाहीतर खालचा बॉल जॉइंट. या दोघांत फरक कसा करायचा? आतल्या मैत्रिणीला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबला की चाक आणि त्याच्या मागचं लोखंड एकमेकांना जखडतात, बेअरिंग त्या दोघांच्या मधे असतं. ढिल गायब झाली तर दोष बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही ढिल राहिली तर बॉल जॉइंटचा, किंवा त्याच्या वरच्या जोडांचा. आम्हाला विचाराल तर सगळ्या तपासण्यांत ही आमची आवडती.

आमच्याकडं बारा-सहाला काही नव्हतं. नऊ-तीनला उजव्या चाकात स्पष्ट ढिल, आणि टोपी फाटलेली. मग रॅक बदला म्हणणाऱ्या मिस्त्रींकडेच गाडी नेली, कारण ते काम चांगलं करतात, फक्त घाईत असतात. आम्ही म्हणालो, “दादा, बदलायची तर बदलू. पण आधी आम्ही स्टिअरिंग हलवतो, तुम्ही बाहेरच्या एंडवर बोट ठेवून बघा.” त्यांनी बोट ठेवलं. दोनदा हलवल्यावर म्हणाले, “हा एंडच गेलाय की.” मग आतल्या बाजूलाही बघितलं, रॅक घट्ट होती. एक टायरॉड एंड आणि त्याची मजुरी, रॅकच्या मानानं किरकोळ बिल.

बिल लहान, पण त्या सांध्यावर काय टांगलेलं असतं ते ऐका. ती गोळी वाटीतून निसटली तर त्या बाजूचं चाक स्टिअरिंगच्या ताब्यातून सुटतं. आपण सरळ धरलं तरी ते त्याला वाटेल तिकडं वळतं. साठच्या वेगाला, समोरून उसाची ट्रॉली येत असताना, ते सावरणं कुणाच्याही हातात नसतं. आणि आमची थरथर तर तेव्हा गेलेलीच होती. गाडी ‘छान’ चालत होती. थरथर आणि ढिल वेगळ्या धरा असं सुरुवातीला म्हटलं ते यासाठी.

तर ढिल असलेल्या सांध्यावर जुगाड नको. गोळी ठोकून घट्ट करून देतो, आत पत्रा भरतो, असं कुणी म्हटलं तर हात जोडा. नवा एंड बसवताना जुना किती आटे फिरवून निघाला ते मोजायला सांगा आणि नवा तेवढेच आटे आत घाला, म्हणजे चाक साधारण जागेवर राहतं. नटमधली पिन नवी घाला, जुनीच वाकवून बसवू देऊ नका.

ज्यांच्या घरी जुनी जीप आहे त्यांच्यासाठी दोन वाक्यं. तिच्या पुढं एकसंध एक्सल असतो, किंगपिन असतात, आणि एका चाकाचा हिसका थेट दुसऱ्याला जातो, म्हणून खड्डा लागला की सगळं स्टिअरिंग भणाणतं. तिथं आधी किंगपिन आणि टायरॉड बघा. स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून ढिल घालवायचा मोह होतो, पण जास्त आवळला तर वळणानंतर स्टिअरिंग परत सरळ येत नाही.

राहिलं अलाइनमेंट. अनेक जणी थरथर आली की पहिल्यांदा तिथंच जातात. अलाइनमेंटनं थरथर क्वचितच जाते. शिवाय सांधा ढिला असताना चाकाचा कोन लावला, तर मशीनवर आकडे हिरवे दिसतात आणि गेटच्या बाहेर पडेपर्यंत कोन बदललेला असतो. म्हणून क्रम असा ठेवा की आधी हवा आणि नट, मग चाकं, मग सांधे, आणि सांधे बदलून झाल्यावर अलाइनमेंट. हवा किती भरायची ते गाडीच्या पुस्तकात किंवा दारावरच्या स्टिकरवर असतं. पंपावर “नेहमीची भरा” म्हणू नका, आकडा सांगा.

आमच्या व्हॅनमध्ये डॅशबोर्डच्या कप्प्यात एक शंभरपानी वही असते. त्यात तारीख, किलोमीटर, कोणत्या वेगाला काय झालं, ब्रेक मारला होता का, गाडी भरलेली होती का रिकामी, आणि दोऱ्याचं माप. एंड बदलल्यावर माप चौदा आलं. दर दोन महिन्यांनी पुन्हा मोजतो, पाच मिनिटं लागतात. यंदा पाऊस संपल्यावर तुमच्यापैकी कुणी मोजलं आणि ३० च्या वर आलं, तर केंद्रावर येऊन सांगा, आम्ही दोघी बॅटरी घेऊन येतो. पुढच्या वेळी ब्रेकच्या ऑइलबद्दल बोलू. नमस्कार.